नाताळची तयारी चार रविवारांत कशी वाटून घ्यायची

आमच्या घरी बरीच वर्षं नाताळ म्हणजे २३ आणि २४ डिसेंबर एवढंच होतं. त्या दोन दिवसांत साफसफाई, झाड, गोठा (येशूच्या जन्माचा देखावा), केक, गिफ्ट, कपड्यांना इस्त्री, सगळं एकदम, आणि २४ च्या रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाऊन बसलं की माझे डोळे मिटायला लागायचे, म्हणजे ज्या घटकेची वर्षभर वाट बघितली ती घटकाच हातातून जायची. हे मला फार लागलं होतं. मग एका वर्षी लक्षात आलं की अरे, नाताळच्या आधी चार रविवार दिलेलेच आहेत की, आगमनकाळाचे, म्हणजे ॲडव्हेंटचे, आपण त्या दिवशी मेणबत्ती लावतो आणि परत आपापल्या कामाला लागतो. तेव्हापासून घरातली सगळी कामं मी त्या चार रविवारांना बांधून टाकली. नाताळ पहिल्यांदाच करणार असाल, किंवा दरवर्षी करून दमून जात असाल, दोघांसाठीही हे लिहितेय.

पहिला रविवार कुठला ते कसं काढायचं? ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळ येणारा रविवार, म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर ह्या दरम्यानच येतो. २०२६ ला तो २९ नोव्हेंबरला आहे. पण एक सांभाळायचं, ज्या वर्षी २५ तारीख सोमवारी येते त्या वर्षी चौथा रविवार म्हणजे थेट २४ तारीखच, चौथा आठवडा असा उरतच नाही. २०२३ ला असंच झालं होतं आणि २०२८ ला परत होणार आहे. अशा वर्षी आपल्याकडे तीनच रविवार आहेत असं धरून चाला, नाहीतर शेवटचं सगळं एकाच दिवसावर येऊन पडतं.

सुरुवात कागदापासून करायची. फोनमध्ये नको, फ्रिजवर चिकटवायचा मोठा कागद घ्या आणि डोक्यात येईल ते सगळं काम त्यावर लिहा, अगदी 'कात्री शोधणे' सुद्धा. मग प्रत्येक कामापुढे घरातल्या एकाचं नाव. हे नाव लिहिणं फार महत्त्वाचं आहे, कारण नाव नसलेलं काम शेवटी घरातल्या एकाच बाईवर येतं, आणि ती कोण ते प्रत्येक घराला माहीत असतं. आमच्याकडे लाइटिंग आणि झाड नवऱ्याकडे, गोठा मुलांकडे, पाहुण्यांना फोन सासूबाईंकडे, केक माझ्याकडे. सासूबाईंना गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहता येत नाही पण बसल्या बसल्या त्या सगळ्या नात्यांची खबर घेतात, कोण येणार, कोण आजारी आहे, कोणाच्या घरात ह्या वर्षी कोणी गेलंय. हे शेवटचं फार कामाला येतं, त्यावर पुढे बोलते.

केक मात्र ह्या चार रविवारांच्याही आधी

सुकामेव्याचा भरीव केक जितका मुरतो तितका चांगला लागतो, म्हणून त्याची सुरुवात नोव्हेंबरमध्येच. इंग्लंडमध्ये तर आगमनकाळाच्या आदल्या रविवारी नाताळचं पुडिंग ढवळायची जुनी रीत आहे, घरातला प्रत्येकजण येऊन एकेकदा चमचा फिरवतो. आम्ही ती रीत केकसाठी उचलली, मुलांना फार आवडते.

माझं माप २० सेंटीमीटरच्या गोल, खोल टिनचं आहे. ९०० ग्रॅम सुकी फळं, म्हणजे काळे मनुके, बेदाणे, खजूर, अंजीर, जर्दाळू, साखरेतल्या चेरी, संत्र्याची मुरवलेली साल, जे आवडतं ते. मोठी फळं मनुक्याएवढी चिरून घ्या, सुरीला थोडं तेल लावलं की चिकटत नाहीत. ह्यावर १५० मिली रम किंवा ब्रँडी ओता आणि काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा. एक-दोन दिवसांनी बरणी हलवायची. आठवडाभर तरी भिजू दे, महिनाभर राहिलं तरी चालतं.

दारू घालायची नसेल तर संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस गरम करून फळांवर ओता, गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी केक करून टाका. इथे बरेच जण चुकतात, रसात भिजवलेली फळं पण रमसारखीच महिनाभर बाहेर ठेवतात आणि मग ती आंबतात, बुरशी येते. रसाचा केक टिकतो पण कमी, त्यामुळे तो शेवटच्या आठवड्यात करा किंवा आधी करून फ्रीझरमध्ये ठेवा.

बटर २२५ ग्रॅम, बाहेर काढून मऊ झालेलं, आणि ब्राउन शुगर २२५ ग्रॅम, हे दोन्ही फिकट आणि हलकं होईपर्यंत फेटा. मग चार अंडी, एकेक करून. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, एक चमचा मैदा टाकून फेटलं की परत एकजीव होतं. मग २२५ ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बदामाची पूड, आणि एक चमचा दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड, हे हलक्या हाताने मिसळायचं, शेवटी फळं. बेकिंग पावडर मी घालत नाही, हा केक फुगायचा नसतोच. मिश्रण चमच्यावरून सहज ओघळायला नको, जड हवं. ते पातळ झालं तर फळं तळाला जाऊन बसतात, आणि मग कापताना खाली सगळी फळं आणि वर कोरडा केक असं होतं.

टिनला आतून बटर पेपरचे दोन थर, तळाला आणि कडेला. बाहेरून ब्राउन पेपरची जाड पट्टी गुंडाळून सुतळीने बांधा, कारण हा केक साडेतीन ते चार तास ओव्हनमध्ये राहतो, तेवढ्या वेळात आतलं होईपर्यंत कडा कडक होऊन जातात. तापमान १४० ते १५० अंश सेल्सिअस, फॅनचा ओव्हन असेल तर त्याहून २० अंश कमी. पहिले तीन तास दार उघडायचं नाही. मग मध्यभागी सळई घालून बघा, ओलं पीठ लागलं नाही की झालं. वरून आधीच काळपट व्हायला लागला तर कागद झाका. आणि टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, गरम काढलात तर तुटतो.

गार झाला की वरून सळईने भोकं पाडून दोन चमचे रम, मग आधी बटर पेपर आणि त्यावर फॉइल. फॉइल थेट केकला लावू नका, फळांच्या आंबटपणामुळे फॉइलला बारीक भोकं पडतात. आठवड्यातून एकदा उघडून परत दोन चमचे. आयसिंग करणार असाल तर शेवटच्या आठवड्यात रम बंद.

आणि ह्या केकमध्ये रम आहे हे वाढताना प्रत्येकाला सांगा. एखादी गरोदर असते, एखाद्याने कष्टाने दारू सोडलेली असते, कोणाच्या धर्मात चालत नाही. मी दोन केक करते, एक रसाचा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. समोरच्याला विचारावं लागू नये, त्याला आपणहून कळावं.

पहिला रविवार: मेणबत्त्या आणि साफसफाई

ॲडव्हेंट रीथ म्हणजे हिरव्या पानांचं कडं आणि त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त लावायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार मानतात. काही घरी मधोमध पाचवी पांढरी असते, ती नाताळच्या रात्री लावतात. ही रीत मुळात मुलांसाठी निघाली असं म्हणतात, १८३९ मध्ये हॅम्बर्गमध्ये योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी संस्था चालवायचे, आणि मुलं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी, तर त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल, म्हणजे मुलांना मोजता येईल. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण आमच्या घरात पण हाच प्रश्न डिसेंबरभर चालू असतो.

आता काळजीची गोष्ट. पहिली मेणबत्ती चारही रविवारी जळते म्हणून चौथ्या रविवारी ती सगळ्यात आखूड झालेली असते, आणि पानं तोपर्यंत तीन आठवडे सुकून अगदी कोरडी झालेली असतात. म्हणजे सगळ्यात खाली आलेली ज्योत आणि सगळ्यात कोरडी पानं एकाच दिवशी समोरासमोर. आमच्याकडे एका वर्षी पानांनी पेट घेतला होता, आम्ही सगळे टेबलापाशीच होतो म्हणून ओला टॉवेल टाकून विझवता आलं. तेव्हापासून पहिली मेणबत्ती बाकीच्यांपेक्षा उंच घेते, प्रत्येकीखाली काचेची किंवा धातूची वाटी असते, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी पानं बदलते, आणि जेवण आटोपून टेबलावरून उठताना मेणबत्त्या विझवायच्या हे मुलांनाही पाठ झालंय. मेणबत्ती लावून कोणीही खोलीबाहेर जायचं नाही, पाणी आणायला सुद्धा नाही.

साफसफाई पण ह्याच आठवड्यात उरकून घ्या, म्हणजे कपाटं, पडदे, माळे असलं मोठं काम. शेवटच्या आठवड्यात फक्त केर आणि पुसणं राहिलं पाहिजे.

दुसरा रविवार: झाड आणि दिवे

प्लास्टिकचं झाड असेल तर सोपं आहे, जागा मोजा, वर चांदणी लावायला छताखाली वीतभर मोकळं ठेवा, आणि फांद्या एकेक करून नीट पसरवायला घरातल्या सगळ्यात शांत माणसाला बसवा, घाईने लावलेलं झाड महिनाभर विस्कटलेलंच दिसतं.

खरं कापलेलं झाड आणत असाल तर ते फुलदाणीतल्या फुलासारखं सांभाळायचं. आणताना फांदीवरून हात फिरवून बघा, हिरव्या सुया भराभर गळत असतील तर ते झाड जुनं आहे, घेऊ नका. घरी आणलं की खोडाचा तळ दोन-तीन सेंटीमीटर कापून काढा आणि लगेच पाण्यात ठेवा, कारण कापलेल्या जागी राळ सुकून बसते आणि मग झाडाला पाणी ओढता येत नाही. खोडाच्या जाडीच्या दर अडीच सेंटीमीटरला दिवसाला साधारण एक लिटर असा हिशोब धरा, म्हणजे दहा सेंटीमीटर जाड खोड असेल तर चार लिटरपर्यंत. साधं पाणी पुरतं, साखर, ॲस्पिरिन असं काही घालायची गरज नाही. पाण्याची पातळी कापाच्या खाली एकदा गेली की परत राळ धरते, म्हणून सकाळ-संध्याकाळ बघायचं, हे काम मुलांना द्या, त्यांना जबाबदारी आवडते. हीटर, शेकोटी, ऊन येणारी खिडकी, सगळ्यापासून लांब. आणि डिसेंबरात जिथे उन्हाळा असतो तिथे तर झाड अजून लवकर सुकतं, तिथे दुसऱ्या रविवारी न आणता तिसऱ्याला आणा.

दिव्यांच्या माळा झाडावर चढवायच्या आधी जमिनीवर पसरून पेटवून बघा. हे न करता आम्ही एकदा पूर्ण झाड सजवलं आणि मग मधलीच माळ बंद निघाली. वायर कुठे खरचटलीये, सोललीये, प्लग ढिला आहे, असं काही दिसलं तर ती माळ टाकूनच द्या, टेप लावून वापरू नका. घरातली माळ बाहेर अंगणात लावू नका, बाहेरची वेगळी येते आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. एकाला एक किती माळा जोडायच्या तेही खोक्यावर असतं, तेवढ्याच जोडा. एलईडी घेतल्या तर तापत नाहीत आणि वीज पण फार कमी लागते. वायर गालिच्याखालून नेऊ नका. झोपताना आणि घराबाहेर पडताना बंद, टायमरचा प्लग मिळतो तो घेतला की विसरायचा प्रश्नच नाही.

क्रम असा, आधी दिवे, प्लगच्या बाजूने खालून वर आणि खोडाकडून फांदीच्या टोकाकडे, म्हणजे आतूनही उजेड दिसतो. मग माळा-रिबिनी, मग मोठे गोळे आत, छोटे टोकाला, चांदणी शेवटी. लहान मूल किंवा मांजर असेल तर खालचे दोन हात उंचीपर्यंत काचेचं काही नको. चमकणाऱ्या बारीक पट्ट्या तर मांजर असलेल्या घरात आणूच नका, ती त्या गिळते आणि आतड्यात अडकून ऑपरेशनपर्यंत जातं. कुत्रा असेल तर चॉकलेट आणि मनुके दोन्ही त्याच्यासाठी विषारी आहेत, म्हणजे तो केक सुद्धा, त्यामुळे झाडाखाली खायचं गिफ्ट ठेवायचं नाही, पॅक केलेलं असलं तरी त्याला वास येतोच.

तिसरा रविवार: गोठा

माझा सगळ्यात आवडता रविवार. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिस यांनी खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण असा देखावा उभा केला, तिथून ही परंपरा वाढली असं मानतात. त्या गव्हाणीसाठी लागलं होतं ते फक्त गवत, हे लक्षात ठेवलं की गोठ्यासाठी महागडं काही आणायची गरजच वाटत नाही. खोक्याचा पुठ्ठा, सुकं गवत, डोंगरासाठी चुरगाळलेला कागद आणि त्यावर मातीचा रंग. मुलांना मनाने करू द्या, उंट मेंढीपेक्षा लहान झाला तरी राहू द्या.

दोन रिती पाळल्या तर मजा शेवटपर्यंत टिकते. एक म्हणजे गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची, बाळ येशू रात्री ठेवायचा आणि तोही घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातून. दुसरी, मागी लोक म्हणजे बाळ येशूला बघायला आलेले ते ज्ञानी पुरुष, त्यांना गोठ्यात उभं न करता घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, पुस्तकाच्या कपाटावर म्हणा, आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवा, ६ जानेवारीला ते गोठ्यापाशी पोचतात. आमची धाकटी रोज उठल्या उठल्या ते कुठपर्यंत आले ते बघायला धावते.

गिफ्टबद्दल थोडक्यातच सांगते, कारण ह्यावर सगळीकडे भरपूर बोललं जातं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आणून, पॅक करून, नाव लावून टाका. गिफ्ट पेपर रिसायकल होतो का ते बघायला चुरगाळून सोडा, चुरगाळलेलाच राहिला तर बहुतेक कागद आहे, उलगडला तर त्यात प्लास्टिक आहे, आणि चमकी लावलेला कुठलाच घेऊ नका. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, खेळणी, गाणारी कार्ड, बॅटरीच्या मेणबत्त्या ह्यात बटणासारखा गोल सेल असतो, त्याचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते तपासा. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजते. तसा संशय जरी आला तरी वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल.

कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गायला घरोघरी जाणार असाल तर ह्याच आठवड्यात सहा गाणी ठरवा आणि सगळी कडवी पाठ करा, फोनमध्ये बघून गाणारा ग्रुप मान खाली घालूनच उभा राहतो. जायच्या आधी फोन करा, एका घरी पंधरा मिनिटं, आणि जिथे आजारी माणूस आहे तिथे दोनच गाणी, हळू आवाजात, शक्य असेल तर त्यांच्या पलंगाजवळ. ते घर शेवटचं ठेवू नका, तोपर्यंत त्यांची झोपायची वेळ होते.

चौथा रविवार आणि २४ ची रात्र

आता नवीन काही सुरू करायचं नाही. चौथ्या रविवारी मी फक्त २५ च्या जेवणाचं गणित मांडते, आणि ते उलट्या बाजूने मांडते. दीड वाजता जेवायला बसायचं असेल तर एक वाजता भाजलेलं मांस ओव्हनबाहेर हवं, कारण मोठा तुकडा कापायच्या आधी वीस-तीस मिनिटं ठेवला नाही तर सगळा रस ताटात जातो. मग त्याच्या आधी भाजायला किती वेळ, त्याच्या आधी ओव्हन तापायला किती, असं मागे मागे जायचं. अख्खी गोठवलेली टर्की असेल तर फ्रिजमध्ये वितळायला दर दोन-सव्वादोन किलोला एक पूर्ण दिवस लागतो, म्हणजे पाच किलोची असेल तर २२ तारखेलाच फ्रीझरमधून खाली काढा. ओट्यावर ठेवून वितळवू नका. आणि धुवू पण नका, धुताना शिंतोडे उडून जंतू सिंकभर पसरतात. झाली का ते रंगावरून ठरवायचं नाही, मांडीच्या जाड भागात थर्मामीटर घाला, हाडाला न टेकवता, ७४ अंश दाखवलं की झाली. कोंबडीलाही हेच. तुमच्याकडे मुख्य ताट दुसरं काही असेल, शाकाहारी असेल, तरी उलटं गणित तेच, फक्त आकडे बदलतात.

२४ ला दुपारी मुलांना झोपवा. झोपत नाहीत, तरी खोलीत अंधार करून आडवं करा. रात्री हलकं जेवण, सूप-ब्रेड असं, भरल्या पोटी मिस्सात झोप येते. अर्धा तास आधी निघा, त्या रात्री वर्षात कधी न येणारे पण येतात आणि जागा मिळत नाही. अगदी लहान बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर बऱ्याच चर्चमध्ये संध्याकाळी लवकरची मिस्सा पण असते, तिची वेळ आधी विचारून ठेवा, रात्री बारालाच गेलं पाहिजे असं काही नाही.

दुसऱ्या धर्माचे मित्र यायचं म्हणत असतील तर नक्की आणा. त्यांना आधीच सांगून ठेवा की सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, आणि मागच्या बाजूला बसलं की बघून बघून जमतं. कम्युनियनच्या वेळी लोक पवित्र भाकर घ्यायला रांगेने पुढे जातात तेव्हा त्यांनी जागेवरच बसायचं, कॅथलिक चर्चमध्ये ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतं. हे अगोदर सांगितलं नाही तर ते बिचारे सगळ्यांच्या मागे पुढे जातात आणि मग तिथे जाऊन अवघडतात, दोष आपला असतो.

मिस्साहून आलं की गव्हाणीत बाळ ठेवायचं, केक कापायचा, आणि झोपायचं. भांडी सकाळी.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, मोठं भांडं तसंच न ठेवता उथळ डब्यांत वाटून, म्हणजे लवकर गार होतं. तीन-चार दिवसांत संपवा. पाहुण्यांना जाताना डबा द्यायचा असेल तर रिकामे डबे आधीच बाजूला काढून ठेवा.

ज्या घरात कोणी गेलंय

सासूबाईंच्या फोनचं मी वर म्हटलं ते ह्यासाठी. ज्यांच्याकडे ह्या वर्षी मरण झालंय त्यांना 'मेरी ख्रिसमस' चा मेसेज सगळ्यांसारखाच जातो आणि तो वाचून माणूस अजून एकटा होतो. त्यांना मेसेज करू नका, फोन करा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोकांना वाटतं नाव घेतलं तर त्यांना रडू येईल, रडू तर येतंच असतं, आपण नाव घेतलं की ते एकट्याने रडावं लागत नाही. जेवायला बोलवा पण 'याच' असं म्हणू नका, 'आलात तर ताट आहे, नाही जमलं तर मी डबा घेऊन येते' असं म्हणा, आणि खरंच घेऊन जा.

माझी आजी गेली त्या वर्षी आम्ही तिची खुर्ची काढून टाकावी की ठेवावी ह्यावरच घरात तीन दिवस कोणी धड बोलत नव्हतं. शेवटी ममीने खुर्ची ठेवली आणि तिच्यावर आजीची शाल. जेवताना प्रत्येकाने आजीची एकेक आठवण सांगितली, पप्पांना सांगता आलं नाही, ते नुसते शालीवर हात ठेवून बसले. तुमच्या घरात असं असेल तर काय करायचं ते २५ च्या सकाळी ठरवू नका, आधीच्या आठवड्यात एकत्र बसून बोला. ज्याला सगळ्यात जास्त दुःख आहे त्याला विचारा, आणि तो म्हणाला की ह्या वर्षी झाड नको, तर झाड नको.

आणि ज्यांना २५ ला सुट्टीच नाही, नर्स, ड्रायव्हर, पोलिस, हॉटेलात काम करणारे, त्यांच्यासाठी एक सांगते. नाताळ २५ ला संपत नाही, तिथून सुरू होतो, बारा दिवस मोजतात आणि ६ जानेवारीला मागींचा सण येतो. अनेक ऑर्थोडॉक्स चर्च तर जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे चालतात आणि तिथे नाताळच ७ जानेवारीला असतो. तेव्हा घरातलं माणूस ड्युटीवर असेल तर मोठं जेवण २७ ला करा, २९ ला करा, त्याचं गिफ्ट झाडाखाली तसंच राहू द्या आणि केकचा मोठा तुकडा बाजूला. माझी बहीण नर्स आहे, तिच्यासाठी आम्ही एका वर्षी ३० तारखेला मेणबत्त्या परत लावल्या, कॅरल परत गायली, काहीच शिळं वाटलं नाही.

आवरताना

झाड ६ जानेवारीपर्यंत ठेवायची पद्धत आहे, काहीजण २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. पण खरं झाड पाणी ओढायचं बंद झालं आणि सुया गळायला लागल्या की तारीख बघू नका, काढा, वाळलेलं झाड फार पटकन पेटतं. दिव्यांची माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि वर लिहा कुठली चालू, कुठली बाहेरची. काचेचे गोळे अंड्यांच्या ट्रेमध्ये छान बसतात. गोठ्यातल्या मूर्ती एकेक कागदात, आणि बाळ येशू वेगळ्या डबीत, कारण तो सगळ्यात लहान असल्यामुळे गवतात हरवतो.

खोकं बंद करायच्या आधी फ्रिजवरचा तो कागद काढा, मागच्या कोऱ्या बाजूवर ह्या वर्षी काय झालं ते लिहा, केक किती उरला, किती जण जेवायला होते, काय कमी पडलं, आणि सगळ्यात वर ठेवून मग झाकण लावा. आमच्या ह्या वर्षीच्या कागदावर असं आहे: रसाचे दोन केक करणे, रमचा एकच पुरतो. गाढवाचा कान चिकटवणे. टायमरचा प्लग ह्याच खोक्यात तळाला आहे. आणि नवऱ्याच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून: पहिली मेणबत्ती उंच आणणे.